झुंबर हरणाची मरणोत्तर संमती

एका जंगलात, बाळांनो, म्हणजे जिथे कोर्ट होतं, दवाखाना होता आणि अधूनमधून झाडंही होती अशा एका जंगलात, ठिपकी नावाची हरिणी राहायची.

तिच्या नवऱ्याचं नाव झुंबर. दोघांना मूल होत नव्हतं. म्हणून डॉक्टर अस्वलबाईंनी झुंबरचं बीज बर्फाच्या गुहेत जपून ठेवलं. सोमवारी उपचार सुरू व्हायचे होते. शनिवारी झुंबरला वाघाने खाल्लं.

ठिपकी आठ दिवस रडली. नवव्या दिवशी ती गुहेपाशी गेली. बीज द्या, मला झुंबरचं पाडस हवंय, म्हणाली. अस्वलबाईंचेही डोळे भरून आले. पण संमतीच्या फॉर्मवर ‘माझ्या मृत्यूनंतर’ असा एक रकाना होता आणि झुंबरने तो कोराच सोडला होता. त्यांचा नाइलाज झाला.

प्रकरण न्यायमूर्ती गेंड्यांपुढे गेलं. मेल्यावर बाप व्हायचं झुंबरच्या मनात होतं कशावरून, असं त्यांनी विचारलं. ठिपकीने सांगितलं की त्याने गवतात तिघांपुरती जागा करून ठेवली होती. गेंडेसाहेब स्वतः जागा पाहायला गेले. गवत हा लेखी पुरावा होत नाही, असं म्हणून तिथेच थोडं चरले.

मग मयताला शेवटचं भेटलेला साक्षीदार बोलावण्यात आला. वाघ आंघोळ करून आला.

“झुंबर तुम्हाला काही म्हणाला होता का?” गेंड्यांनी विचारलं.

“म्हणाला होता. सोडा मला, मला अजून बाप व्हायचंय, असं तीनदा म्हणाला,” वाघ म्हणाला. “मी जरा घाईत होतो.”

कोर्टात आनंदीआनंद झाला. इच्छा सिद्ध झाली होती. माकडांनी टाळ्या पिटल्या. ठिपकी हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. वाघाने झुंबरला का खाल्लं, हा मुद्दा या दाव्यात नव्हता.

यथावकाश पाडस झालं. कान थेट झुंबरचे. पाठोपाठ कोर्टाचा हुकूम आला. बापाची शेवटची इच्छा ज्याने ऐकली, तोच पाडसाचा पालक. त्याने दर गुरुवारी पाडसाला भेटावं, शक्यतो जेवणाच्या वेळी.

बुधवारी सकाळीच ठिपकी पाडसाला घेऊन नदीपलीकडे गेली. तिथे कोर्ट नव्हतं. पाडसाने पहिली उडी मारली आणि ते तोंडावर आपटलं. ठिपकी किती तरी दिवसांनी पोट धरून हसली.

इकडे तिच्या नावाने वॉरंट निघालं. वाघ तिला अजून शोधतोय, सरकारी भत्त्यावर.

तात्पर्य: बाळांनो, मरणोत्तर संमती वेळेवर लिहून ठेवावी. ते नाहीच जमलं, तर निदान खाणाऱ्याला मोठ्याने आणि स्पष्ट ऐकवावी. कोर्टात त्याचाच शब्द ग्राह्य धरतात.