तीन कुलपांचा माणूस

जळगावच्या एमआयडीसीतल्या भंवरलाल डाळ उद्योगात कागद सापडत नसत, ही बाब गंभीर होती, यात वाद नाही. तुरीचा दाखला मागितला की हरभऱ्याचा निघे. धुळ्याच्या शाखेत जुनं दरपत्रक चाले आणि जळगावला नवं. एकच ठराव कॉम्प्युटरवर 'अंतिम', 'अंतिम-नवीन' आणि 'अंतिम-शेठनी पाहिलेला' अशा तीन नावांनी नांदत असे, आणि शेठनी पाहिलेला नेमका चौथाच असे. तेव्हा भंवरलालशेठचे नातू मनन पुण्याहून व्यवस्थापन शिकून परतले आणि त्यांनी आल्या आल्या कंपनीचे सगळे दस्तऐवज एका जागी ठेवणारी प्रणाली विकत घेतली. तिचं नाव 'ज्ञानकोठी'. कुणीही आपल्या मोबाइलवरून उघडावी आणि हवा तो कागद पाहावा, अशी सोय होती.

पण कोठी म्हटली की कुलूप आलंच. मननशेठनी कागदांच्या चार प्रतवाऱ्या ठरवल्या: सार्वजनिक कागदाला कुलूप नाही, अंतर्गत कागदाला एक, गोपनीयला दोन आणि अतिगोपनीयला तीन. ज्याच्या ताब्यात जितक्या कुलपांचे कागद, तितकी कुलपं त्याच्या ओळखपत्रावर छापली, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते लांबूनच कळावं. हेतू चांगलाच होता हो. पण गळ्यात लटकणाऱ्या गोष्टीला आपली माणसं नुसती सोय म्हणून कधी बघतात का?

पंधरा दिवसांत कुलपांसाठी जी झुंबड उडाली, ती बोनससाठीही कधी उडाली नव्हती. कॅन्टीनवाल्यानं आठवड्याच्या भाज्यांची यादी गोपनीय करून घेतली. मंगळवारची भाजी मग मंगळवारीच कळे, तीही ताटात पडल्यावर. सुट्ट्यांच्या यादीला दोन कुलपं बसली आणि पाडव्याला अर्धी कंपनी कामावर हजर झाली. ज्यांना यादी दिसत होती त्यांनी नियमाप्रमाणे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ते आपले घरी श्रीखंड खात होते.

या सगळ्यात लीलाधर नेहेते कोरडेच राहिले. त्यांच्याकडे बारदान विभाग, म्हणजे रिकामी पोती, आणि जोडीला आगीपासून सुरक्षेचं काम. त्या कामाचा त्यांच्याकडे एकच कागद होता: गेटजवळच्या भिंतीवर चिकटवलेला मोठा नकाशा. पाण्याचा मुख्य कॉक कुठं आहे, बारदान गोदामाला मागचं दार कुठं आहे, गोदामाजवळ जाळ का करू नये, सगळं त्यावर लाल शाईत लिहिलेलं. येणारे-जाणारे त्याला टेकून विडी ओढत, वाचत कुणीच नसे. असल्या कागदाला कोण कुलूप देणार? नेहेत्यांचं ओळखपत्र कोरंच राहिलं.

तेवढंही त्यांनी गिळलं असतं, पण मध्ये साडू आला. तोताराम हा त्यांचा धाकटा साडू, याच कंपनीच्या धुळे शाखेत खरेदीला. भुसावळला एका बारशाला तो ओळखपत्र गळ्यात घालून आला. त्यावर दोन कुलपं. पाळण्यावर वाकताना ते ओळखपत्र बाळाच्या नाकावर आपटलं, तरी त्यानं काढलं नाही. त्याची बायको रूपाली आपल्या बहिणीला, म्हणजे नेहेतेबाईंना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "अक्का, आमच्या यांना घरीसुद्धा सगळं बोलता येत नाही गं. दोन कुलपं आहेत ना!"

परतताना गाडीत नेहेतेबाईंनी विचारलं, "तुम्हाला किती हो?"

"मी सार्वजनिक आहे."

"म्हणजे मुतारीसारखे?"

माणसाला अपमान सहन होतो, पण साडूच्या देखत झालेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच नेहेते मननशेठच्या केबिनमध्ये उभे होते.

"नेहेतेकाका," मननशेठ समजुतीनं म्हणाले, "जो कागद भिंतीवर चिकटवलाय, त्याला कुलूप कसं लावायचं?"

"आणि काढला तर?"

"काढला तर विचार करता येईल. पण कारण लागेल. जोखीम काय आहे?"

नेहेत्यांनी रात्रभर घोकलेलं वाक्य टाकलं. "छोटे शेठ, समोर दुसरी डाळ मिल आहे. उद्या आपल्या गोदामाचं मागचं दार त्यांना कळलं तर?"

मननशेठ खुर्चीत सरळ बसले. पुण्याला त्यांना जोखीम या विषयावर आख्खं सत्र होतं, पण मागच्या दाराचा विचार त्यातही कुणी केला नव्हता. संध्याकाळपर्यंत नकाशा भिंतीवरून खरवडला गेला, ज्ञानकोठीत चढला आणि त्याला तीन कुलपं बसली. नेहेत्यांनी हमीपत्रावर सही केली: सदर माहिती मी तोंडी, लेखी, हावभावाने अथवा बोट दाखवून उघड करणार नाही, उघड करणे आवश्यक झाल्यास मननशेठ व भंवरलालशेठ या दोघांची पूर्वमान्यता घेईन.

वॉचमन रमजान रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणाला, "साहेब, आग लागली तर?"

"रीतसर विनंती टाकायची," नेहेते म्हणाले आणि छातीवरची तीन कुलपं सरळ करून निघून गेले.

तीन कुलपं म्हणजे काय गंमत आहे का? सहकाऱ्यांनी भरीत पार्टी मागितली आणि नेहेत्यांनी ती हौसेनं दिली. थंडीचे दिवस, आसोद्याची हिरवी वांगी, कळण्याची भाकरी, बायका-पोरांसह सगळ्यांना आमंत्रण. धुळ्याहून तोताराम आणि रूपालीला तर मुद्दाम दोनदा फोन करून बोलावलं. जागा म्हणून बारदान गोदामासमोरचं पटांगण निवडलं, कारण तिथं वारा बरा होता. तिथं जाळ करू नये, असं नकाशाच्या तळाशी लिहिलेलं होतं खरं. पण वांगी भाजणाऱ्यांकडे एकही कुलूप नव्हतं, त्यामुळे त्यांना ते कळायचं काही कारण नव्हतं. आणि नेहेते पाहुण्यांना ओळखपत्र दाखवण्यात गुंतले होते.

कपाशीच्या काड्यांचा जाळ चांगला धडधडला. बसायला पोती कमी पडली म्हणून तोताराम गोदामात गेला. पाच रिकामी पोती आणायची होती, पण दोन कुलपांचा माणूस, त्याला नवी कोरी पोती हवी होती, आणि ती सगळ्यात आत होती. तेवढ्यात वाऱ्यानं काड्यांच्या ठिणग्या उडाल्या, गोदामाच्या दारातल्या पोत्यांच्या गठाणींवर पडल्या आणि बघता बघता सगळं दार पेटलं.

आरडाओरडा झाला. रमजाननं फायर ब्रिगेडला फोन लावला. तिकडे नेहेत्यांचा फोन वाजला. घाबरलेला माणूस घरची भाषा बोलतो, तोताराम खोकत ओरडत होता, "भाऊ, बठ्ठा धूर शे आठे! मांगलं दार कोठे शे?"

दार कुठं आहे हे नेहेत्यांना झोपेतही सांगता आलं असतं. तोंड उघडलं, आणि हमीपत्र आठवलं. हात उचलला, आणि बोट दाखवायचं नाही हे आठवलं; त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. खोटं कशाला बोला, त्या भीतीतही त्यांच्या मनात येऊन गेलं की दोन कुलपांचा माणूस आज तीन कुलपांची माहिती मागतोय. लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली.

"धीर धर तोताराम, विनंती टाकतो," ते म्हणाले आणि ज्ञानकोठी उघडली. माहिती उघड करण्याचे कारण निवडा: लेखापरीक्षण, प्रशिक्षण, ग्राहकभेट, इतर. आग नव्हती. त्यांनी 'इतर' निवडलं. पुरावा जोडा, असं आलं. त्यांनी आगीचा फोटो काढून जोडला. फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा काढा, असं उत्तर आलं. धुरामुळे तो अस्पष्ट होता. त्यांनी थोडं पुढं जाऊन, जास्त पेटलेला भाग बघून दुसरा काढला.

मननशेठ शेजारीच उभे होते. त्यांनी भरिताची बोटं पुसून तत्काळ मान्यता दिली. "काका, माझी झाली. आता फक्त आजोबांची."

"फोन लावा ना त्यांना!"

"ते सामायिकला बसलेत, अठ्ठेचाळीस मिनिटांचं ध्यान असतं. उठल्याशिवाय फोनला हात लावत नाहीत." मननशेठचा आवाज रडवेला झाला होता. "नियम मीच केलाय हो काका. मी एकटाच मोडला तर ऑडिटला काय सांगू?"

रूपाली गर्दीतून धावत आली आणि तिनं नेहेत्यांची कॉलर धरली. "जिजाजी, माझा माणूस आत जळतोय! तुमची कुलपं घाला त्या चुलीत! दार कुठंय?"

तिच्यामागं नेहेतेबाई उभ्या होत्या. त्या नवऱ्याच्या छातीवरच्या तीन कुलपांकडे बघत होत्या. नेहेत्यांनी हात खिशातून काढले, गळ्यातलं ओळखपत्र तोडून फेकलं आणि शंभर माणसांच्या देखत फोनमध्ये ओरडले, "डाव्या भिंतीला! जुन्या चाळण्यांच्या मागं! बाहेर ढकल, ओढू नको!"

क्षणभरानं गोदामाच्या डाव्या अंगाला पत्रा खडखडला आणि तोताराम बाहेर पडला. अर्धी मिशी जळाली होती, ओळखपत्र वितळून शर्टाला चिकटलं होतं. नेहेत्यांनी त्याला मिठी मारली आणि दोघं साडू भर पटांगणात लहान पोरांसारखे रडले.

चौकशी झाली आणि अहवाल आला. गोदामाचं नुकसान विम्यातून भरून निघेल, पण गेलेली गोपनीयता कोण भरून देणार, असा त्यात सवाल होता. आग ही दुर्घटना ठरली. दाराची जागा ओरडून सांगणं हा मात्र गुन्हा ठरला. नेहेत्यांची तिन्ही कुलपं गेली आणि ते पुन्हा सार्वजनिक झाले. पटांगणात ज्यांनी ज्यांनी ऐकलं होतं, त्या सगळ्यांकडून ऐकलेलं विसरल्याचं हमीपत्र घेण्यात आलं. तोतारामचा प्रश्न जरा अवघड होता. तो त्या दारातून स्वतः बाहेर आला होता, तेव्हा त्याला विसरायला लावणं व्यवहार्य नव्हतं. अतिगोपनीय माहिती ज्याच्या डोक्यात, त्याला कुलपंही तेवढीच हवीत; म्हणून नियमानुसार त्याला तीन कुलपं मिळाली.

पुढच्या महिन्यात भुसावळलाच एका साखरपुड्यात दोघं शेजारी जेवायला बसले. तोतारामची मिशी आता सारखी झाली होती. नेहेत्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून मायेनं विचारलं, "काय भो, त्या दिवशी दार सापडायला फार त्रास झाला का रे?"

तोतारामनं त्यांच्या कोऱ्या छातीकडे पाहिलं, मग आपलं नवं ओळखपत्र वरणात बुडू नये म्हणून उचलून धरलं. "कुठलं दार, भाऊ?" तो हळूच म्हणाला. "तुमच्याशी त्या विषयावर बोलायचा मला अधिकार नाही." आणि त्यानं आणखी एक जिलेबी मागितली.

आता राहता राहिले तुम्ही. ते दार कुठं आहे, हे वाचता वाचता तुम्हालाही कळलंय. तेव्हा कृपा करून विसरून जा. तुम्हाला ते जड जाणार नाही. आत्ता ज्या इमारतीत बसून तुम्ही हे वाचताय, तिचं मागचं दार कुठं आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, हे तुम्ही कधीच विसरून बसला आहात. आणि त्यासाठी तर कुणी तुमची सहीसुद्धा घेतली नव्हती.