जर्मनीहून हेलगा येणार!

"माझ्या घरी परदेशी पाहुण्याला काडीची अडचण येणार न्हाई, साहेब! लिहून घ्या!"

गेवराईच्या प्रशिक्षण वर्गात वनमालाबाईंनी उभं राहून हे इतक्या ठसक्यात सांगितलं, की पर्यटन खात्याच्या पंडित साहेबांनी खरंच लिहून घेतलं. परदेशी पाहुण्यांनी मोठमोठी शहरं बघून परत न जाता खेड्यापाड्यांत मुक्कामाला यावं, असं सरकारनं मनावर घेतलं होतं. चकलांब्याजवळच्या वाडीतून त्यासाठी एकच नाव आलेलं, वनमालाबाईंचं! वर्गाला यायच्या आधी चार महिने राबून बाईंनी नवी खोली सजवली होती. गुलाबी भिंती, पांढरीशुभ्र फरशी, पलंग, मच्छरदाणी. नवरा मोहनराव, माजी उपसरपंच, या चार महिन्यांत पारावर बसून "लई काम चालू हाय आमचं" एवढंच काम करत होते.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी पंडित साहेब धावत आले.

"बाई, पहिली पाहुणी आजच येतेय! जर्मनीच्या निवृत्त शिक्षिका आहेत. नाव हेलगा. त्यांचा शेरा चांगला आला तरच तुमचं घर यादीत राहील, बरं का!"

आता, आमच्या भागात हेलगा म्हणजे रेडा. हे जर्मनीतल्या आईबापांना बारशाच्या वेळी कोण सांगणार? आणि घाईघाईत वनमालाबाईंच्याही ध्यानात आलं नाही. त्यांनी तडक घरी फोन लावला.

"अहो, ऐकलं का? आज हेलगा येणार हाय!"

"काय येणार हाय?"

"हेलगा, हेलगा! जर्मनीवरून! सरकारच पाठवतंय. मुक्काम आपल्याकडंच. नवी खोली उघडून ठेवा."

"नव्या खोलीत?" मोहनराव किंचाळले. "अन् खायला... खर्र... चालंल का?"

वाडीतली रेंज, ती! निम्मं बोलणं वाऱ्यावर. वनमालाबाईंना वाटलं, भाकरीचंच विचारत असणार.

"चालंल की! भरपूर ठेवा. अन् पाणीबी!"

फोन तुटला. त्या निश्चिंत झाल्या. आयुष्यात मोहनरावांवर भरवसा ठेवून निश्चिंत व्हायची ती त्यांची पहिली आणि शेवटची वेळ!

दुपार कलता कलता साहेबांची जीप वाडीत शिरली. पुढं साहेब, मागं वनमालाबाई आणि शेजारी हेलगाबाई. साठीच्या, उंच्यापुऱ्या, हसऱ्या. जीप घराच्या वळणावर आली अन् ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला.

रस्त्यात म्हशी! एक नाही, दोन नाही, चौदा! रेशन दुकानापुढं लागते तशी रांग. दारात छबुबाई, मोहनरावांची बहीण, हळदीकुंकवाचं ताट आणि हाताएवढा जाड हार घेऊन उभी.

"अहो, हे काय मांडलंय?" वनमालाबाई खाली उतरून ओरडल्या.

मोहनराव नवा फेटा बांधून पुढं आले आणि जीपच्या मागं डोकावले. "टेम्पो मागून येतोय का? हेलगा कुठंय?"

फोनवर काय घोळ झाला, ते वनमालाबाईंना तेव्हा कळलं.

तेवढ्यात हेलगाबाईंनीच आपलं नाव ऐकलं. त्या झटकन उतरल्या, दोन्ही हात जोडले आणि विमानात पाठ केलेलं मराठी म्हणून दाखवलं, "नमस्कार! मी हेलगा!"

म्हशींमागं अख्खी वाडी जमलेली. त्यातलं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग असं हसणं पसरलं, की दोन म्हशी बुजून बाभळीत पळाल्या. फक्त धुळाजी हसला नाही. तो म्हशी राखणारा, दुपारभर उन्हात उभा.

"साहेब," तो पंडित साहेबांना म्हणाला, "जर्मनीचा हेलगा हाय म्हणून दोन कोसांवरून म्हैस गाभण करायला आणलीय. आता हिचं काय करू?"

"घरी ने, बाबा!" साहेबांनी कपाळ पुसलं.

"वाट द्या पाहुणीला," मोहनराव पुटपुटले, पण त्यांचा चेहरा पडलेला. वनमालाबाईंना शंका आली. त्या धावतच नव्या खोलीत गेल्या.

पलंग अंगणात. खोलीभर कडबा. आणि पांढऱ्याशुभ्र फरशीच्या मधोमध, चार फरश्या फोडून रोवलेला हातभर खुंटा! त्याला नवं कोरं दावं.

"कावून? सांगा की, कशापायी फोडली?" बाईंचा आवाज फाटला. चार महिने त्यांनी ती फरशी पदरानं पुसली होती.

"तूच म्हणलीस की, नव्या खोलीत! म्या कडबा चालंल का म्हणून इचारलंबी! मला वाटलं, सरकारची अट असंल. मागं शेळ्या दिल्या तवा न्हाई का, पक्क्या निवाऱ्याची अट होती!"

वनमालाबाईंना रडावं की मारावं, कळेना. इतक्यात दारात हेलगाबाई! कडबा, खुंटा, दावं असं एकेक निरखत त्यांनी विचारलं, "व्हॉट इज धिस?"

साहेब तर बाहेर म्हशींत अडकलेले. तीन दिवसांच्या वर्गात वनमालाबाईंना वेलकम, वॉटर, बाथरूम एवढंच शिकवलेलं. खुंट्याचं इंग्रजी कुणी शिकवलं नव्हतं. तरी त्या इमानदारीनं सांगायला लागल्या. आधी खुंट्याकडं बोट, मग नवऱ्याकडं.

"धिस... बफेलो. धिस... हज्बंड. हज्बंड... बफेलो..."

पुढचा शब्दच सापडेना.

हेलगाबाईंनी मोहनरावांकडं पाहिलं. मग दाव्याकडं. मग पुन्हा मोहनरावांकडं, फेट्यापासून पायापर्यंत.

"यू टाय हिम हिअर?"

सगळं समजावून सांगायला वनमालाबाईंनी तोंड उघडलं. मग फुटलेल्या फरशीकडं त्यांची नजर गेली.

"येस," त्या म्हणाल्या.

"व्हेरी गुड!" हेलगाबाईंनी त्यांचा हात घट्ट दाबला आणि मोठा उसासा सोडला. "माय हज्बंड... सेम. बट नो रोप!"

मोहनराव मधेच घुसले. "काय म्हणत्यात बाई?"

"खोली लई आवडली म्हणत्यात."

"मंग!" मोहनरावांनी फेटा सारखा केला. "खुंटा सागाचा हाय म्हणून सांग त्यास्नी!"