शुक्रवार दुपारचा खेळ

काळात मागे जाता येत नाही, हे मत नव्या साहेबांनी सोमवारी चहाच्या वेळी मांडलं. मांडता मांडता त्यांनी आदल्या शुक्रवारची तारीख घातलेल्या चार कागदांवर सह्या केल्या आणि बिस्किटांची बशी जवळ ओढली.

"तो घड्याळजीचा पिक्चर पाहिला मी. शुद्ध थापा! म्हणे कोसळणारा पूल वाचवायला हा काळात मागे गेला. पूल वाचला, पण त्या गडबडीत याच्या आईबापांची गाठच पडली नाही, म्हणून शेवटी हा गायब! अहो, आईबाप भेटले नाहीत तर हा जन्मला कसा? आणि जन्मलाच नाही तर मागे गेला कोण?"

सगळ्या माना डोलल्या. पथदिवे खात्याच्या त्या कचेरीत साहेब शुक्रवारीच रुजू झाले होते. त्यांना काय पटतं आणि काय नाही, याचा अजून कोणाला अंदाज नव्हता, आणि अंदाज येईपर्यंत सरसकट मान डोलवणं हेच शहाणपणाचं होतं.

एकच मान डोलली नाही. ती तारीखमास्तरांची. खरं नाव वेगळं, पण ते पगारपत्रकापुरतं. कोणताही कागद कोणत्याही तारखेला नेऊन बसवण्यात या मुख्य लिपिकांचा हात धरणारा सबंध खात्यात नव्हता. रस्ता खचल्यावर खांब 'आधीच' काढून घेतल्याची नोंद असो, की बदली झालेल्या माणसाची न मागितलेली रजा, तारीखमास्तरांकडे दिलं की निश्चिंत. या गुणांचं चीज शुक्रवारी झालं होतं. जुने अधीक्षक त्या दिवशी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी तारीखमास्तरांना बढती मिळाली. खिडकीजवळची, हात असलेली खुर्ची! केस काळे होते तेव्हापासून त्यांचा तिच्यावर डोळा होता. बायकोने तर शनिवारीच माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे कळवून टाकलं होतं.

अशा माणसाने गप्प बसायचं असतं. पण पिक्चर त्यांच्या काळजाला लागला होता.

"पण साहेब, पूल वाचला की नाही?" ते म्हणाले. "आणि तो शेवट! ती आई दोन ताटं मांडते, आणि दुसरं कोणासाठी मांडलं तेच तिला आठवत नाही. मला तर हुंदका आवरेना. रुमाल चिंब झाला हो!"

आवक-जावकच्या बाई कोपऱ्यात शिक्के मारत होत्या. त्यांनी हात न थांबवता म्हटलं, "चांगला असणार मग. मलाही बघायचा होता, पण एकच खेळ झाला म्हणे समोरच्या थिएटरात. शुक्रवारी दुपारी. दोनच माणसं आली, म्हणून संध्याकाळी काढूनच टाकला."

शुक्रवारी दुपारी कचेरी चालू होती. साहेबांचं बिस्किट चहात पडलं आणि तळाशी गेलं. ते काढायला कोणीही हात पुढे केला नाही.

पाच मिनिटांत तारीखमास्तरांना आत बोलावणं आलं.

"अधीक्षक," साहेब म्हणाले. हा शब्द कानावर पडावा म्हणून तारीखमास्तरांनी हयात घालवली होती, पण आत्ता तो धमकीसारखा वाटला. "मी तिथे पाहणीला गेलो होतो. थिएटरसमोरचा दिवा बंद आहे, अशी तक्रार आहे ना?"

"साहेब, दिवा बाहेर आहे."

"बाहेर किती अंधार आहे, हे आत बसल्याशिवाय कळत नाही. माझं झालं. तुमचं तुम्ही बघा. बढती नवी आहे, जपा."

तारीखमास्तर जागेवर परतले. कागद हातात घेतल्यावर हात आपोआप चालू लागला. शुक्रवारची रजा लिहिली, ती शुक्रवारी सकाळीच मंजूर झाल्याची सही साहेबांकडून घेतली आणि कागद बाईंपुढे ठेवला.

बाईंनी चष्मा वर केला. "तुम्ही शुक्रवारी रजेवर? मग शुक्रवारी बढतीच्या खुर्चीचा ताबा कोणी घेतला?"

खरंच की! रजेवरचा माणूस ताबा घेऊ शकत नाही. तारीखमास्तरांनी ताबा गुरुवारवर नेला.

"गुरुवारी तर त्या खुर्चीत जुने अधीक्षक बसलेले होते," बाई म्हणाल्या. "एका खुर्चीत दोघं कसे मावणार? तेही तुम्ही दोघं!"

जुने अधीक्षक देहाने भारदस्त होते, त्यामुळे मुद्दा दोन्ही अंगांनी बिनतोड होता. तारीखमास्तरांनी एक सुस्कारा सोडला आणि त्यांना बुधवारी निवृत्त करून टाकलं. बाईंनी शिक्का मारला.

तेवढ्यात जुने अधीक्षक स्वतःच दारात उभे. खणात विसरलेली छत्री न्यायला आले होते. बाईंनी बसल्या जागेवरून त्यांना बातमी दिली.

"मला बुधवारी निवृत्त केलंत?" ते कडाडले. "मग गुरुवारी आणि शुक्रवारी मी इथे काय करत होतो?"

"कागदोपत्री, अनधिकृत प्रवेश," तारीखमास्तर खाली बघत म्हणाले.

"आणि माझा निरोप समारंभ? शुक्रवारी संध्याकाळी तुम्हीच भाषण केलंत ना? चांगले डोळे सुजलेले होते तुमचे! मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, एवढी वर्षं छळलं बिचाऱ्याला, पण माया होती हो त्याची."

डोळे दुपारच्या पिक्चरने सुजले होते, हे सांगण्याची ही वेळ नव्हती. "मी रजेवर होतो, त्यामुळे भाषण झालंच नाही," तारीखमास्तर पुटपुटले.

जुन्या अधीक्षकांनी छत्री काखेत मारली. जाता जाता थांबले, आणि त्यांच्या तोंडावर हसू पसरलं. "ठीक आहे बाबांनो. मी शुक्रवारी नव्हतोच. पण मग शुक्रवारी सकाळी या नव्या साहेबांना रुजू करून घेतलं कोणी? त्या कागदावर एकच सही आहे. माझी."

ते गेले. बाईंचा शिक्का पहिल्यांदाच हवेत थांबला. तारीखमास्तर धावतच साहेबांकडे गेले.

"साहेब, घोटाळा झालाय. अधीक्षक शुक्रवारी नव्हते, तर तुम्ही रुजू झालात कसे? तुम्ही रुजूच नाही, तर माझी रजा मंजूर केली कोणी? रजा नाही म्हणजे मी बिनपरवानगी गैरहजर, मग बढतीही नाही, आणि माझी बढती नाही तर अधीक्षकांना आधी निवृत्त करण्याची गरज—"

"थांबा! आधी सांगा, मी कोण?"

"सध्या तरी... अभ्यागत, साहेब."

दाराबाहेर शिपायाचे कान टवकारलेलेच होते. तो आत आला आणि अतिशय अदबीने म्हणाला, "अभ्यागतांची वेळ दुपारी तीननंतर आहे. तोवर बाहेर बाकावर बसावं लागेल."

साहेब बाकावर जाऊन बसले. बसता बसता त्यांनी तारीखमास्तरांचं मनगट धरलं. "काहीतरी करा हो. वर कळलं तर तुम्हीही जाल आणि मीही."

तारीखमास्तर आपल्या जुन्या, बिनहाताच्या खुर्चीत येऊन बसले. आता माहेरी काय सांगायचं, सासरी काय सांगायचं? गुरुवार हलवून भागत नव्हतं, बुधवार हलवून भागत नव्हतं. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. दिवस कशाला हलवायचे? मुळावरच घाव घालावा! पिक्चर लागलाच नसता, तर हे रामायण घडलंच नसतं.

थिएटरचा मॅनेजर तिकीट खिडकीत डुलक्या घेत होता. शुक्रवारी यंत्र बिघडल्यामुळे खेळ रद्द झाला, एवढंच लिहून हवं होतं.

"असं कसं लिहू?" मॅनेजर म्हणाला. "तुम्हीच तर होतात! पुढच्या रांगेत. दिवे लावले तरी ढसाढसा रडत होतात. मीच पाणी आणून दिलं तुम्हाला."

"मी ऑफिसात होतो," तारीखमास्तर म्हणाले. हे म्हणताना त्यांना जड गेलं. ते पाणी थंड होतं, आणि त्या वेळी फार बरं वाटलं होतं.

मॅनेजरने क्षणभर त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "बाहेरचा दिवा लागेल का? तीन वर्षं बोंबलतोय. रात्रीच्या खेळाला बायामाणसं अंधाराला भिऊन येत नाहीत."

"लागलाच समजा."

कागद मिळाला आणि एकेक दिवस पटापट आपल्या जागी जाऊन बसला. खेळ झाला नाही, म्हणजे तारीखमास्तर जागेवरच होते. रजा नको, गुरुवार नको. जुने अधीक्षक शुक्रवारीच निवृत्त झाले, साहेब सकाळीच रुजू झाले, त्यांची पाहणी फाडून टाकली, आणि दुपारी तीनच्या आत अभ्यागत उठून पुन्हा आपल्या खोलीत गेले. हात असलेल्या खुर्चीत बसून अधीक्षकांनी पहिलं काम केलं ते दिलेल्या शब्दाचं. थिएटरसमोरचा दिवा तीन वर्षांपूर्वी, तक्रारीच्या आदल्या दिवशीच दुरुस्त झाल्याची नोंद करून टाकली.

महिन्याभराने मॅनेजर चिडून आला. दिवा अजून बंदच होता.

"तो दुरुस्त आहे," अधीक्षक म्हणाले. "दुरुस्त दिवा पुन्हा दुरुस्त करता येत नाही. नियमच नाही तसा."

त्या संध्याकाळी घरी बायकोने दोन ताटं वाढली. "अहो, तो घड्याळजीचा पिक्चर पुन्हा लागलाय म्हणे. रविवारी जाऊ या? तुम्हाला आवडतात ना असले?"

त्यांना तिला सगळं सांगायचं होतं. पूल, ती आई, तो चिंब रुमाल. लग्न झाल्यापासून एवढं सांगण्यासारखं त्यांच्याकडे कधी काही नव्हतं. पण तो पिक्चर त्यांनी पाहिलेला नव्हता. समोरच्या ताटाकडे ते नुसते बघत राहिले, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"छे गं," ते म्हणाले. "काळात मागे जातो म्हणे! असं कुठे होतं का?"

तुम्हीही आता हेच म्हणणार. खुशाल म्हणा. फक्त, फाईल बंद करायची तर वाचकांची संमती लागते, आणि तुमच्यासाठी खोळंबून बसायला इथे वेळ कोणाला आहे? तेव्हा ही हकीकत आपण वाचली, आपल्याला ती पटली आणि आपली काहीएक हरकत नाही, अशी नोंद गेल्या आठवड्यातच झालेली आहे. खाली तुमची सही तेवढी राहिली आहे. ती करून टाका, आणि तारखेची जागा मोकळी सोडा. नेहमी सोडता तशीच.