आत्याने आवरलेली चोरी

आत्याने सकाळच्या गाडीने येऊन चहा व्हायच्या आत जी खोली आवरली, तिच्यात आदल्या दिवशी चोरी झाली होती. चोरी मालिकेतली होती. छोट्या गावातल्या हसऱ्या-रडव्या माणसांची ती मालिका याच घरात चित्रित होत होती. अर्धा प्रसंग काल झाला होता, उरलेला आज दहाला होता. त्यात घरमालक, म्हणजे बाबा, शेजारी म्हणून दारात येऊन एक वाक्य बोलणार होते. ते वाक्य ते तीन आठवडे आंघोळ करताना पाठ करत होते.

"ताई, काय केलंस हे!" बाबा दारातूनच ओरडले.

"आवरलं. कपाट सताड उघडं, गादी अर्धी खाली, उशीवर चप्पल. मला वाटलं, सगळं घर आजारी आहे."

"चोरी होती ती!"

"मग पोलिसांना बोलवायचं. पसारा कसला जपता?"

"पोलीस काल येऊन गेले," आई म्हणाली. "आज यांचं वाक्य आहे."

खोली कालच्यासारखी दिसली नाही, तर प्रसंग रद्द आणि बाबांचं वाक्यही. सगळे पसारा करायला धावले. पण जन्माची सवय! आईने फेकलेला कुडता घडी होऊनच पडला. बाबांनी उधळलेली पुस्तकं उंचीप्रमाणे लागली. आत्याने चादर विस्कटली आणि जाता जाता हातासरशी ताणून ठेवली.

साडेनऊला सेट लावणारे गृहस्थ आले. बाबांनी हात जोडले. "साहेब, परवा तुम्ही तासभर दार लावून केलेला पसारा..."

"आम्ही? आम्ही आत चहा प्यायलो. खोली तयारच होती."

सगळ्यांनी वळून दवाखान्यात निघालेल्या लेकीकडे पाहिलं. खोली तिची. ती दातांची डॉक्टर; परक्याच्या दाढेतला कण तिला लांबून दिसे.

"कर बाळा," आई म्हणाली, "पसारा कर." अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून प्रथमच निघत होतं.

लेक खोलीच्या मधोमध उभी राहिली. "असे बघत राहिलात तर मला नाही जमत." आणि संकोचाने तिने चक्क ओढणीची घडी केली. एरवी बाबांनी त्या घडीचा फोटो काढला असता.

आत्याने विचारलं, "दवाखाना कितीला?"

"दहाला."

"स्कूटरची किल्ली?"

लेकीचा चेहरा उतरला. "इथेच होती! कुठे ठेवलीस?"

"असेल जागेवर."

"जागेवर? मग सापडणार कशी!"

पुढची सात मिनिटं आतून नुसते आवाज येत होते. मग लेक चालतच दवाखान्यात गेली.

कालच्या फोटोंशी खोली ताडून बघणारी बाई आली. "गादी बरोबर. उशीवर चप्पल, बरोबर. कुणी हात नाही ना लावला?"

"छे!" तिघं एकदम म्हणाले.

कॅमेरा सुरू झाला. बाबा दारात आले, खोली पाहिली आणि तीन आठवड्यांचं पाठांतर साफ विसरले. तोंडून निघालं ते रोज सकाळी याच दारात निघायचं तेच: "इथे माणूस राहतो की वादळ?"

"लिहिलेलं हे नव्हतं," दिग्दर्शक म्हणाला. बाबांनी डोळे मिटून घेतले. "पण हेच ठेवू या."

बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. तो इतका मोठा होता, की आवाज टिपणाऱ्याने कानांवरचे हेडफोन काढून त्यांच्याकडे काळजीने पाहिलं.