चार घाट आणि एक केळं

माझं नियोजन म्हणजे नियोजन! एकोणतीस वर्षं आमच्या पिरेनीजच्या खोऱ्यात सायकलवरून टपाल वाटलं, एक पत्र इकडचं तिकडे झालं नाही. मग एका दिवसात चार घाट आणि एकशे ऐंशी किलोमीटरची सायकलस्वारी माझ्याखेरीज कोण आखणार?

अख्खा हिवाळा जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता. आम्ही सूप मांडीवर घेऊन प्यायलो. पहिला घाट दहाला, तिसरा साडेतीनला, तिथे एक केळं. केळ्यालासुद्धा वेळ नेमून दिली होती!

बायको, ओदेत, नकाशा बघून म्हणाली, "एक गोष्ट विसरलास."

"कुठली?"

"कळेल."

हा सगळा खटाटोप माझा जुना मित्र आन्सेल्म याच्यासाठी होता. तिशीत आम्ही दोघांनी ठरवलं होतं, चारही घाट एकदा एकत्र करायचे. मग लग्नं, मुलं, कंबर. आता गुरुवारी त्याचा गुडघा बदलणार होते आणि डॉक्टर म्हणाले होते, नंतर डोंगर विसरा. म्हणजे हा रविवार शेवटचा.

सकाळी सहाला निघालो. वाटेतल्या दुकानांतून कार्डावर शिक्के घ्यावे लागतात, नाहीतर सायकल क्लबात कोणी स्वारी झाली असं मानत नाही. पहिला शिक्का मी मुद्दाम मादाम लाबोर्दच्या बेकरीत ठेवला, कारण ती पहाटेच उघडते.

"अगं बाई, आमचे पोस्टमन!" ती ओरडली. "मला वाटलं, गेलात!"

"मादाम, फक्त शिक्का. दोन मिनिटं."

"शिक्का कुठं पळून जातोय? बसा आधी!"

गालाला गाल लावून झाले, कॉफी झाली, तिच्या सुनेचे सगळे गुन्हे ऐकून झाले. पाऊण तासाने बाहेर पडलो, तर समोर मेंढपाळ पुयाद हाताची घडी घालून उभा.

"तिच्याकडे कॉफी घेतलीत. आमच्याकडे काय विष आहे?"

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या खोऱ्यात पोस्टमनने एका दारी घोट घेतला की सगळ्या दारी घ्यावा लागतो, नाहीतर दोन घरांत नातवंडांपर्यंत अबोला! आणि मी शहाण्याने पहिल्या घाटापर्यंतचा रस्ता नेमका माझ्याच टपालाच्या सात गावांतून काढला होता.

पुयादकडे चीज. पुढे हॅम. पुढे वाइन, मग ती उतरावी म्हणून कॉफी. चौथ्या गावात चर्चच्या बारा घंटा वाजल्या आणि म्हाताऱ्या मादाम कासूने माझं हँडल धरलं.

"तुम्ही निवृत्त झालात आणि या दाराशी कोणी थांबेनासं झालं," ती म्हणाली. "नवा पोस्टमन गाडीतूनच पेटीत टाकतो."

सहा वर्षांत मी एकदाही आलो नव्हतो. फार लाज वाटली. निमूट सायकल भिंतीला टेकवली.

तीन वाजता आम्ही कोबीच्या सूपची तिसरी वाटी संपवत होतो. आन्सेल्म हसून हसून लाल झाला होता. मी मात्र सारखा घड्याळ बघत होतो.

"माफ कर रे. तुझा शेवटचा रविवार मी सुपात बुडवला."

त्याचं हसू थांबलं. "फेर्नां, मला पहिला घाटसुद्धा जमला नसता. महिनाभर जिना उतरताना डोळ्यांत पाणी येतंय. पण तुझा तो नकाशा, ते केळं... सांगू कसं? बेकरीतच सांगणार होतो."

"मग का नाही सांगितलंस?"

"ती कॉफी घेऊन आली ना!"

साडेतीनचं केळं काढून त्याच्या ताटलीत ठेवलं.

घरी पोचलो तर ओदेतने चूल पेटवलीच नव्हती. "एकोणतीस वर्षांत टपाल वाटून कधी भुकेला घरी आलास?" तिने विचारलं. कार्ड उघडून पाहिलं तर कोरं! मादाम लाबोर्द शिक्का द्यायची विसरली आणि मी मागायची.

आन्सेल्मचा गुडघा छान बसलाय. त्याच्यासाठी मी नवी स्वारी आखतोय. घाट एकही नाही. सात गावं, त्रेचाळीस दारं, मादाम कासूकडे बरोबर बाराला. नकाशा पुन्हा टेबलावर आहे आणि या वेळी मी काहीही विसरलेलो नाही.

ओदेत मांडीवर सूप घेऊन म्हणते, "पोट एकच आहे."