लाल डब्यातली खारी

ही गोष्ट मी फार वर्षं टाळली. आधी आई होती म्हणून, मग शेजारचे देशकर काका होते म्हणून, आणि दोघं गेल्यावर टाळायची सवयच लागली म्हणून. पण गेल्या महिन्यात एका लग्नात, ताट घेऊन रांगेत उभा असताना, नागपुरातल्या आमच्या नंदनवनच्या जुन्या शेजाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "तो गार्ड आठवते काय बे? डुकराची चरबी चारून अख्ख्या लाइनीले बाटवणारा?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन पाणी प्यायलो आणि लिहायला बसलो.

दानिएल शेंडे, म्हणजे आमच्या शेजारचे रेल्वेतून रिटायर झालेले गार्डसाहेब, कुणाला बाटवायला निघाले नव्हते. ते खारी भाजायला निघाले होते. आणि तीही रेल्वेची टोपी घालून.

हिवाळ्यात दर रविवारी दुपारी त्यांच्या अंगणातून गार्डची शिट्टी वाजायची. शिट्टी म्हणजे खारी भट्टीतून निघाली. पांढरा कोट रिटायर झाल्यावर परत केला असावा, पण टोपी आणि शिट्टी त्यांनी ठेवली होती. भट्टी विटांची, आत आडवं घातलेलं तेलाचं पिंप, दाराला पत्रा. पत्रा उघडायच्या आधी ते उजवीकडे-डावीकडे बघत, जणू मागचे डबे नीट जोडलेत की नाही ते पाहताहेत, आणि म्हणत, "लाइन क्लिअर!" अंगणात त्यांच्याशिवाय एक कोंबडी असायची. ती बाजूला होईपर्यंत पत्रा उघडत नसे.

खारीत ते डुकराची चरबी घालत. हे गुपित नव्हतं. विचाराल त्याला सांगत, न विचाराल त्यालाही सांगत. त्यांची आई मिशनच्या बंगल्यात स्वयंपाकाला होती, तिच्याकडून ही विद्या आलेली. चरबीसाठी ते सकाळी सायकलवर अॅल्युमिनियमचा डबा अडकवून नाल्यापलीकडे डुकरं पाळणाऱ्याकडे जात. तो पाठीवरची चरबी पुढे करायचा, गार्डसाहेब नको म्हणायचे. "गुर्द्याभोवतालची दे गा. पाठीची चरबी बुटाले लाव." मला एकदा म्हणाले, "तिथं चरबी न्यायले दोन जातीचे लोकं येते. एक गुडघेदुखीवाले, दुसरे बैलबंडीच्या आसाले लावणारे. खायले नेणारा मी एकटाच. तो मले पागल समजते."

घरी आणल्यावर बारीक तुकडे, पातेल्यात पेलाभर पाणी आणि मंद आच. घाई केली की जळकट वास लागतो आणि सगळी वाया. मलमलच्या फडक्यातून गाळून थंड केली की लोण्यासारखी पांढरी. मग मैदा लाटायचा, चरबी फासायची, घडी घालायची, ओल्या फडक्याखाली झोपवायची, पुन्हा लाटायचं. उन्हाळ्यात हे सगळं बंद. "मे महिन्यात नागपुरात चरबी अन् माणूस, दोघंही घट्ट राहत नाही," असं त्यांचं मत होतं.

त्या काळी आम्ही सगळेच मैदा, साखर, वनस्पती तूप घेऊन कोपऱ्यावरच्या करीमभाईंच्या बेकरीत जायचो आणि बिस्किटं भाजून आणायचो. गार्डसाहेब तिथे कधी गेले नाहीत. "करीमच्या भट्टीत हे नेणं म्हणजे बेइमानी. त्याले नाही समजणार, पण मले तर समजते ना." म्हणून तर अंगणात पिंप आलं.

आणि म्हणूनच दोन डबे होते. लाल डबा चरबीचा, त्यांचा स्वतःचा. हिरवा डबा गवळ्याकडून आणलेल्या लोण्याचा, आम्हा शेजाऱ्यांसाठी. लाटणी वेगळी, परात वेगळी, फडकी वेगळी. हिरवी खारी आधी भाजायची, लाल नंतर. शिट्टी वाजली की बायका कुंपणाशी ताटल्या घेऊन जायच्या, आणि गार्डसाहेब प्रत्येकीला बजावायचे, "सिग्नल पाहून घ्या!" देशकर काकू म्हणायच्या, "अहो, आंधळ्या आहोत काय आम्ही?" हिरवी खारी स्वतः गार्डसाहेब खात नसत. "बरी होते," एवढंच म्हणत. "तुमची बरी होते. माही झकास होते."

झकास म्हणजे काय ते मला जाणून घ्यायचं होतं.

मी तेव्हा पंचविशीचा, सरकारी कचेरीत कारकून. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. आमच्या घरी डुक्कर हा शब्द फक्त शिवीत यायचा. एका रविवारी मी कुंपणाशी थांबलो आणि हळूच म्हणालो, "गार्डसाहेब, लाल."

"काहून गा?"

"पाहायची आहे."

"पाहाले फुकट आहे. खायले तुह्या मायले विचार."

"विचारलं," मी सांगितलं. ती माझी पहिली थाप. खारी तोंडात टाकली आणि तिचे पापुद्रे जिभेवर नुसते विरले. दोन हिवाळे मी लाल डब्यातली खारी खाल्ली. मागून खाल्ली, आवडीने खाल्ली, वर्तमानपत्रात गुंडाळून कपड्यांच्या पेटीत लपवून खाल्ली. आज कुणी दिली तर आजही खाईन. ज्याला माझ्याकडचा चहा बंद करायचा असेल त्याने करावा.

एका गुरुवारी मी कचेरीत असताना आईकडे देशकर काकू आणि इतर भजनाच्या बायका आल्या. घरात चहाबरोबर द्यायला काही नाही. आई इस्त्रीचा सदरा ठेवायला पेटीपाशी गेली, तिला पुडी सापडली. गार्डसाहेबांची खारी, म्हणजे हिरवीच, असं समजून तिने ती सगळ्यांपुढे ठेवली. स्वतः दोन खाल्ल्या.

मी फाटकात शिरलो तेव्हा देशकर काकू कुंपणावरून ओरडत होत्या, "गार्डसाहेब, या खेपेची खारी काही औरच हं!"

गार्डसाहेब सायकल टेकवून आले. काकूंच्या हातातला तुकडा त्यांनी उजेडात धरला, पापुद्रे पाहिले. खोटं बोलायचं त्यांना सुचलंच नाही. "हे तर लाल डब्यातली आहे," ते म्हणाले. "तुम्हाले कोणं देली?"

कुणाचा तरी कप बशीवर कलंडला. आईचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. मग तिने मला पाहिलं. "सुधाकर, तुह्या पेटीत होती ना रे हे?"

मी म्हणालो, "गार्डसाहेबांनीच दिली. मला वाटलं हिरवी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. ती भिंत धरून खाली बसत होती. मला वाटलं, आता बोलतील. ते बोललेही.

"डबा माहा, खारी माही. जे बोलायचं ते मले बोला. पोराले नका बोलू."

बोलणाऱ्यांनी काही बाकी ठेवलं नाही. संध्याकाळी देशकर काका चारजण घेऊन त्यांच्या दारात गेले. "गोडी लावून बाटवता काय?" गार्डसाहेब टोपी घालून बाहेर आले. "देशकर, बाटवायचं असतं तर मी दोन डबे कशाले केले असते? हिरव्यातच नसतं टाकलं? फसवलं नाही कोणाले. माफी मागत नाही." मी चारजणांच्या मागे उभा होतो.

पुढच्या रविवारी शिट्टी वाजली. दोन्ही डबे कुंपणाच्या भिंतीवर आले, आणि त्यांवर पांढऱ्या रंगाने ठळक अक्षरं: 'डुकराची चरबी', 'गाईचं लोणी', आणि मधल्या भिंतीवर 'वाचता येते त्याने वाचावं'. कुणी गेलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही वाजली. सगळा हिवाळा वाजली. ज्या हिरव्या खारीला ते स्वतः हात लावत नसत, ती ते दर रविवारी भाजत राहिले, गवळ्याकडून लोणी आणून. दुपारभर डब्यापाशी उभे राहत. आई खिडकी लावून घ्यायची. मी आतल्या खोलीत पेपर वाचायचो.

दोन वर्षांनी ते भाचीकडे बिलासपूरला कायमचे निघाले. रिक्षा दाराशी होती. वळकटी बांधू लागायच्या निमित्ताने मी गेलो. घरात एक खाट, एक खुर्ची, चुलीपाशी एकच थाळी. वाक्य मी रात्रभर घोळवलं होतं.

"गार्डसाहेब, त्या दिवशी मी…"

"माय बरी आहे ना तुही?"

"बरी आहे."

"तिले सांगू नको कधी." त्यांनी दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "तू मागून खात होता हे तिले समजलं असतं, तर तिनं तुही ताटली वेगळी केली असती. एका घरात दोन ताटल्या लई वाईट दिसते गा. माही कोण वेगळी करन? इथं दुसरी आहेच कुठं."

मी दोरी ओढून धरली, त्यांनी गाठ मारली. रिक्षावाल्याने वळकटी उचलली. ते बसले. आता म्हणू, रिक्षा वळेल तेव्हा म्हणू, असं करता करता मी त्यांना म्हणालो, "पोचल्यावर कळवा."

मला म्हणायचं होतं, मला माफ करा.