शंकरमामांचा एक नंबर

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो शंकरमामांमुळे. विश्रामबागच्या कॉलेजात माझं नाव त्यांनीच घातलं, खोलीवर पीठही तेच पोचवायचे. कवठे महांकाळच्या बाजूला मात्र मामांची ओळख वेगळीच आहे. नाचाचं कुठलं गाणं सध्या एक नंबरला, हे ते ठरवतात.

मामांची पिठाची गिरणी आहे. तिच्या पत्र्याच्या दारावर दर सोमवारी ते खडूनं एका गाण्याचं नाव लिहितात. दिवाळी झाली की त्यातलं एक निवडून वर्षाचं गाणं जाहीर करतात. लग्नसराईत बोलावणं असो-नसो, माजी फौजी मामा कडक इस्त्रीत वरातीला हजर. नाचत नाहीत. डीजेच्या स्पीकरांच्या भिंतीला तळहात लावून, डोळे मिटून उभे राहतात. जरा नवरदेवाला तरी भेटा, असं कुणी म्हटलं की म्हणतात, "नवरदेव उद्याबी हाय. ह्यो ठोका न्हाई."

निकाल मात्र भलतेच. पोरं ज्या गाण्यावर शर्ट काढून नाचतात ते बाद, आणि कुठलं तरी संथ, जड ठोक्याचं गाणं दारावर. दळण घेऊन आलेली पोरं हुज्जत घालायची; आवाज बघा, शब्द बघा, म्हणायची. मामांचं उत्तर ठरलेलं, "कानाला कोन इचारतंय रं? छातीत वाजाय पायजे."

एका डीजेवाल्यानं आपलं गाणं वर चढावं म्हणून पेढे आणले. मामांनी ते गिऱ्हाइकांत वाटले आणि निकाल दिला, "पेढं लय भारी. गाणं पोकळ हाय."

एका रविवारी मी मामांच्या घरी गेलो. तापानंतर मामींना ऐकू येणं बंद झालं होतं, हे मला माहीत होतं. एके काळी फुगडीत त्यांना कुणी हटवू शकत नसे. पण लोक कानाशी ओरडतात आणि मग हसतात, म्हणून त्यांनी लग्नाला जाणंच सोडलं होतं. त्या दिवशी स्वयंपाकघरात मोठा स्पीकर होता आणि मामी त्यावर तळहात ठेवून बसल्या होत्या. मामा एकेक गाणं लावत होते. मामी मान हलवून नको म्हणत होत्या. एका गाण्याला त्यांचे खांदे हलले. "ह्ये," त्या म्हणाल्या. सोमवारी दारावर तेच.

मामांनी मला परसात नेलं. "पुन्यांदा वरातीत नाचली म्हंजे झालं, गड्या. बाकी काय न्हाई."

गेल्या महिन्यात माझं लग्न झालं. मामी येतील की नाही, याचाच मला घोर होता. त्या आल्या. साताऱ्याला नोकरीवर परतल्यावर मी मामांना पत्र पाठवलं.

"ती. मामांस साष्टांग नमस्कार.

वरातीत मामी डीजेच्या भिंतीला हात लावून किती वेळ उभ्या होत्या. शेवटी तुम्हीच नाचणाऱ्यांत शिरलात. तुम्ही परेडसारखं नाचता, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मामी हसत हसत आत आल्या. मग जनरेटर बंद पडला आणि सगळे जागीच थांबले. मामींची नजर तुमच्या पायांवर होती. तुम्ही थांबला नाहीत, म्हणून त्याही थांबल्या नाहीत. पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला तो त्यानंतर.

पुढच्या रविवारी कऱ्हाडला माझ्या मेव्हण्याची हळद आहे. माझ्या बायकोनं मामींना परस्पर बोलावलंय आणि त्या हो म्हणाल्यात. पायांना तेल चोळून ठेवा.

तुमचा भाचा,
सुनील"